आठ कोंबड्यांसाठी मुदत ठेव मोडावी का?

प्रश्न: आमचे चार माणसांचे घर आहे. परसात आठ कोंबड्या पाळायचा विचार आहे. पक्के खुराडे बांधण्यासाठी मुदत ठेव मोडेन म्हणतो. रोज आठ अंडी धरली, तर विक्रीतून वर्षभरात पैसे वसूल होतील ना?

उत्तर: कोंबड्या जरूर पाळा. ठेव मात्र मोडू नका.

तुमचा हिशेब चुकतो तो ‘रोज आठ’ इथे. कोंबडीच्या पोटात एक अंडे तयार व्हायला साधारण 25 तास लागतात, त्यामुळे चांगल्यात चांगली कोंबडीही अधूनमधून खाडा करते. त्यात दिवस लहान झाले की अंडी कमी होतात आणि पिसे गळण्याच्या काळात काही आठवडे जवळजवळ बंदच पडतात. अंड्यांसाठी तयार केलेल्या संकरित जातीची कोंबडी पहिल्या वर्षी 250 अंडी देईल असे धरा. गावरान कोंबडी याहून पुष्कळ कमी देते, शिवाय खुडूक बसते, म्हणजे अंडी उबवायला बसते आणि तेवढे दिवस अंडी देत नाही.

म्हणजे आठ कोंबड्यांची वर्षाला 2000 अंडी. घरात माणशी रोज एक खाल्ले, तर 1460 घरातच संपतील. विकायला उरतील 540, महिन्याला 45. ठेव भरून काढायला हातात येणारी रोख एवढीच.

आता जाणारे पैसे बघा. अंड्यावर आलेली कोंबडी दिवसाला 110 ते 120 ग्रॅम खाद्य खाते. आठ जणींचे वर्षाला सुमारे 350 किलो होते, आणि ते रोखीनेच आणावे लागते. एका अंड्यामागे पावणेदोनशे ग्रॅम पडले. तुमच्याकडच्या दराने त्याची किंमत काढा आणि बाजारातल्या अंड्याच्या किमतीतून वजा करा. जे उरेल त्यातून खुराडे, भुसा, लसी आणि दगावलेल्या पक्ष्यांची भरपाई व्हायची आहे. स्वयंपाकघरातला उरलासुरला भाजीपाला घाला, पण त्यावर भागवू नका. प्रथिने आणि कॅल्शियम कमी पडले की अंडी घटतात, कवच पातळ होते.

घरात खाल्लेली अंडी ही खरी बचत आहे, हे मला मान्य आहे. फक्त ती आपोआप दिसत नाही. आज अंड्यांवर दरमहा जेवढे जातात, तेवढे पैसे खाद्यासाठी वेगळे काढत गेलात तरच ती हाती लागेल.

सुरुवात चार कोंबड्यांपासून करा. अंडी घरातच संपतील, खुराडेही लहान लागेल. त्याचा खर्च मासिक बचतीतून चार-सहा महिन्यांत उभा करा. जाळी आणि कडी यांत मात्र काटकसर नको. कुत्र्या-मांजरांनी एका रात्रीत सगळी पाखरे संपवलेली मी पाहिली आहेत. परस तुमचा असला तरी कोंबड्या ठेवायला परवानगी लागते का, हे आधी विचारून घ्या.

एक दिवसाची पिल्ले स्वस्त वाटतात, पण अंड्यावर येईपर्यंत चार-पाच महिने जातात आणि प्रत्येक पिल्लू सात-आठ किलो खाद्य खाते. ऊब द्यायचा खर्च आणि मर वेगळी. त्यापेक्षा लस टोचलेल्या, अंड्यावर यायला आलेल्या तलंगा, म्हणजे तरुण कोंबड्या, मिळत असतील तर दोन्ही खर्च मांडून बघा. नवख्या माणसाने तलंगाच घ्याव्यात असे माझे मत आहे.

दुसऱ्या वर्षापासून अंडी घटत जातात, कोंबडी मात्र पाच-सात वर्षे जगू शकते. म्हाताऱ्या कोंबड्या विकायच्या, खायच्या की सांभाळायच्या, हे घरातल्या सगळ्यांना आत्ताच विचारा. सांभाळायच्या ठरल्या, तर त्यांचे खाद्य पुढच्या वर्षांच्या घरखर्चात धरा.