टेक्सासमध्ये अंगावर बाळगायला पहिलं पिस्तूल कोणतं घ्यावं?

तुम्ही लिहिलंय की डॅलसजवळ राहता, फार्मसीत रात्रपाळी असते, दीड वाजता पार्किंगमधून एकटीला गाडीपर्यंत जावं लागतं. ग्रीन कार्ड गेल्या वर्षी आलं, घरात सहा वर्षांचा मुलगा आहे. आणि दुकानदार म्हणतो, "तुमचे हात लहान आहेत, सगळ्यात छोटं आणि हलकं घ्या."

मी ह्यूस्टनच्या बाजूला राहते. माझी पहिली खरेदी मी अगदी याच सल्ल्यावर केली होती. म्हणून सांगते, सगळ्यात छोटं घेऊ नका.

मी घेतलं होतं ते 38 स्पेशल नावाच्या काडतुसाचं, पाच गोळ्यांचं रिव्हॉल्व्हर. वजन साधारण 15 औंस, म्हणजे सव्वाचारशे ग्रॅम. दुकानात हातात घेतलं तेव्हा फार सोयीचं वाटलं. पण गोळी सुटते तेव्हा मागे येणारा धक्का कुठेतरी जिरावा लागतो. जड पिस्तूल त्यातला बराचसा स्वतःच पचवतं, हलकं तो सगळा तुमच्या हातात देतं. शिवाय असल्या रिव्हॉल्व्हरचा चाप ओढायला 12 पौंडांच्या आसपास जोर लागतो. वस्तूचं वजन एक पौंडही नाही आणि बोटाचा जोर बारा पौंड, मग नळी हलणारच. दहाव्या गोळीनंतर अंगठा आणि तर्जनीमधल्या बेचक्याची कातडी सोलली होती आणि चाप ओढण्याआधीच माझे डोळे मिटायला लागले होते. सात यार्डांवरच्या कागदावर पाचांपैकी दोन गोळ्या कशाबशा कडेला लागल्या. त्यानंतर चार महिने मी रेंजवर, म्हणजे नेमबाजीच्या सरावाच्या जागी, गेलेच नाही. ज्या शस्त्राचा सराव करायची भीती वाटते, ते अंगावर बाळगण्यात अर्थ नाही.

छोटी पिस्तुलं वाईट नसतात. पण ती सरावलेल्या हातांसाठी असतात. नवख्या माणसाला मधल्या आकाराचं सोपं जातं, हे दुकानात काचेच्या कपाटासमोर उभं राहून कळत नाही. म्हणून खरेदीआधी भाड्यानं पिस्तुलं देणाऱ्या रेंजवर जा आणि एक तास शिक्षकासाठी पैसे मोजा. मला तिथे साठीच्या एक बाई शिकवायला मिळाल्या. त्यांनी आधी ग्लॉक 19 हातात दिलं. 1988 पासूनचं पिस्तूल, 15 गोळ्यांचं मॅगझिन, माझ्या रिव्हॉल्व्हरपेक्षा दीडपटीहून जड. पहिल्या पाचही गोळ्या कागदावर लागल्या. हात तोच, डोळे तेच.

लहान हातांच्या बायकांना खरी अडचण येते ती स्लाइड, म्हणजे गोळी नळीत चढवायला ओढावा लागणारा पिस्तुलाचा वरचा सरकता भाग, मागे ओढताना. दुकानात मला ती ओढता आली नव्हती, आणि "बायकांना जमत नाही, रिव्हॉल्व्हरच घ्या" असं मला तिथेच ऐकवलं गेलं. चूक पद्धतीची होती. मी अंगठा आणि बोटाच्या चिमटीत स्लाइड धरून खेचत होते. बाईंनी दाखवलं ते असं: पिस्तूल छातीजवळ आणायचं, नळी समोर लक्ष्याकडेच, बोट चापाबाहेर. डावा पंजा वरून पालथा टाकून स्लाइड मुठीत घट्ट धरायची. मग डावा हात जागेवर ठेवून उजव्या हातानं पिस्तूल पुढे ढकलायचं. बोटांऐवजी खांदा आणि पाठ कामाला लागते. तिसऱ्या प्रयत्नात जमलं. इतकं करूनही जमलं नाही, मनगटाचा किंवा सांध्यांचा त्रास असला, तर स्मिथ अँड वेसनचं शील्ड ईझी आहे. 2018 साली ते 380 काडतुसासाठी आलं, पुढे 9 एमएम काडतुसासाठीही. त्याची स्लाइड मुद्दाम हलकी चालेल अशी केलेली आहे.

तुमच्यासाठी मी तीन नावं सांगेन: ग्लॉक 19, सिग सॉअर पी365 एक्सएल आणि हे शील्ड ईझी. तिन्ही एकाच दिवशी, प्रत्येकी पन्नास गोळ्या. पिस्तूल नीट पकडल्यावर पकड न सरकवता तर्जनीचं पहिलं पेर चापावर पोचतंय का पाहा. कागदी प्लेट पाच यार्डांवर लावा आणि सावकाश पाच गोळ्या झाडा. शेवटच्या पाच गोळ्यासुद्धा प्लेटवर लागल्या आणि हात दुखत नसला, तर ते तुमचं. मी स्वतः आज पी365 एक्सएल वापरते. ग्लॉक माझ्या कमरेला उन्हाळ्यात जाड वाटतं. काडतुसाबद्दल फार डोकं शिणवू नका, 9 एमएम घ्या. सरावाच्या गोळ्या त्यातच स्वस्त मिळतात. अंगावर बाळगताना मात्र हॉलो पॉइंट गोळ्या भरा. त्या आत गेल्यावर पसरतात, त्यामुळे आरपार जाऊन मागच्या माणसाला लागण्याचा धोका कमी होतो.

होल्स्टरवर, म्हणजे पिस्तूल ठेवायच्या म्यानावर, कंजूषी करू नका. कायडेक्स या कडक प्लास्टिकचं, चाप पूर्ण झाकणारं, पिस्तूल काढल्यावरही तोंड उघडं राहणारं हवं, आणि ते धरून ठेवणारा ताठ पट्टा. पर्समध्ये पिस्तूल ठेवू नका, हे मी हात जोडून सांगते. चोर आधी पर्सच हिसकावतो, आणि घरी आल्यावर तीच पर्स सोफ्यावर पडते, मुलाच्या हाताच्या उंचीवर. स्क्रबच्या, म्हणजे कामावरच्या सैल कपड्यांच्या, नाडीच्या पँटवर पट्टा बसत नाही, त्यासाठी पोटाला बांधायचा रुंद बँड मिळतो. पण त्यातही चाप झाकणारं कडक कवच हवंच.

कायद्याचं थोडक्यात. टेक्सासमध्ये 1 सप्टेंबर 2021 पासून 21 वर्षांवरच्या, कायद्यानं अपात्र नसलेल्या माणसाला लायसन्सशिवायही पिस्तूल बाळगता येतं. तरी लायसन्स काढाच. चार ते सहा तासांचा वर्ग, लेखी परीक्षा आणि 3, 7 व 15 यार्डांवर मिळून 50 गोळ्या, एवढं करताना आपण कुठे कच्चे आहोत ते कळतं. शिवाय ते इतर बऱ्याच राज्यांत चालतं. न्यू जर्सीत मात्र नाही. तेव्हा तिथल्या एडिसनच्या नातेवाइकांकडे जाताना पिस्तूल घरीच ठेवायचं. पोस्ट ऑफिसात कुठल्याच राज्यात नेता येत नाही. तुमच्या फार्मसीची नोकरीची नियमावलीही आधी वाचा. कामाच्या जागेत बंदी घालायचा मालकाला हक्क आहे. टेक्सासमध्ये पार्किंगमधल्या स्वतःच्या कुलूपबंद गाडीत ठेवायला बहुतेक मालक मनाई करू शकत नाहीत, पण मग गाडीच्या सांगाड्याला केबलनं बांधलेली पेटी हवी. काच फोडून पिस्तूल नेणारे कमी नाहीत.

कुठल्याही व्हिसावर पिस्तूल चालतं, असा आपल्या लोकांत एक गैरसमज आहे. ग्रीन कार्डवाल्याला पिस्तूल घेता येतं, पण एच-1बी (नोकरी), एफ-1 (शिक्षण) किंवा बी-2 (पर्यटन) व्हिसावरच्या माणसाला केंद्रीय कायद्यानं ते बाळगायलाही मनाई आहे. शिकारीचं वैध लायसन्स वगैरे मोजके अपवाद आहेत. रेंजवर हातात घेणं हेही बाळगणंच. म्हणून भारतातून आलेल्या दिराला हौसेनं रेंजवर नेऊन फोटो काढू नका. त्याचा पुढचा व्हिसा त्यात अडकू शकतो.

आता मुलाबद्दल. सहा वर्षांच्या मुलाला "हात लावायचा नाही" हे सांगणं पुरत नाही. टेक्सासमध्ये 17 वर्षांखालच्या मुलाच्या हाती भरलेलं शस्त्र लागलं, तर ते उघडं ठेवणाऱ्यावर गुन्हा होतो. पिस्तूल एकतर अंगावर, नाहीतर बटणांच्या कुलपाच्या पेटीत, तिसरी जागा नाही. ती पेटी भिंतीला किंवा पलंगाला बोल्टनं बसवा आणि पिस्तुलाच्या आधी विकत घ्या. आणखी एक विचारते, रागावू नका. घरात कुणाची मनःस्थिती सध्या ठीक नाही का? अमेरिकेत बंदुकीनं होणाऱ्या मृत्यूंपैकी निम्म्याहून अधिक आत्महत्या असतात. तसं काही असलं, तर ही खरेदी पुढे ढकला. रात्री गाडीपर्यंत सोबत द्यायला सुरक्षारक्षक मागा, मिरचीचा फवारा जवळ ठेवा.

आणि रेंजची पिशवी वेगळी ठेवा, तीच विमानात नेऊ नका. भारतात बॅगेच्या कप्प्यात विसरलेलं एक जिवंत काडतूस सापडलं, तरी 1959 च्या शस्त्र कायद्याखाली गुन्हा नोंदवला जाऊ शकतो. मी दिवाळीला घरी जाण्याआधी प्रत्येक बॅग पलंगावर उलटी करून, अस्तराच्या शिवणीपर्यंत हात घालून बघते.