वाचकांचे प्रश्न : शंभरच्या आधीची पन्नास

प्रश्न : फुल मॅरेथॉन पळून झाल्या आहेत. जानेवारीच्या सुरुवातीला डोंगरवाटांवरची १०० किलोमीटरची शर्यत आहे. नोव्हेंबरअखेर ५० किलोमीटरची एक 'सराव म्हणून' पळ, असं सोबतचे सांगतात. सराव म्हणून म्हणजे नेमकी कशी? आणि त्यातच पाय संपले तर शंभरचं काय?
— एक वाचक, जालना

उत्तर : पाच-सहा आठवड्यांचं अंतर आहे, तेव्हा जरूर पळा. तीन आठवड्यांहून कमी असतं तर नकोच म्हटलं असतं, कारण पाय सावरायला आणि पुन्हा एक-दोनदा लांब पळायला तेवढा वेळ पुरत नाही.

पाय संपतात ते बहुधा अंतरामुळे नाही, वेगामुळे. नंबर छातीवर लागला की पहिल्या दहा किलोमीटरमध्ये माणूस ठरवलेलं विसरतो. म्हणून वेळ आधीच ठरवा : जोर लावून सात तासांत होण्यासारखी असेल तर आठ तास धरा. सपाटीवर पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. चढ लागला की पहिल्या चढापासूनच चाला, दम लागायची वाट पाहू नका. शंभरमध्ये तुम्ही चढ चालतच जाणार आहात आणि भरभर चढ चालणं हीसुद्धा सरावाचीच गोष्ट आहे. शर्यतीआधी आठ-दहा दिवस पळणं पाव हिश्शाने कमी केलं की पुरे. पूर्ण विश्रांती शंभरसाठी राखून ठेवा.

खरी तालीम खाण्याची. तासाला ६० ग्रॅम कर्बोदकं पोटात टिकतात का, हे ५० मध्येच कळलं पाहिजे. एक मध्यम केळं (सुमारे २५ ग्रॅम), सुपारीएवढे दोन-तीन खडे म्हणजे २० ग्रॅम गूळ (१८-१९) आणि मीठ लावलेला एक लहान उकडलेला बटाटा (१५-१६) एवढ्यात हिशेब बसतो. दर वीस मिनिटांनी यातलं एक खा. भूक लागल्यावर खायला घेतलं तर उशीर झालेला असतो. शेंगदाण्याची चिक्की आपल्याकडची आवडती, पण तिच्यातल्या तेलामुळे ती पोटात रेंगाळते. ती लांब चढावर, चालताना खावी. ओआरएसचं एक लिटरचं पाकीट साडेवीस ग्रॅमचं असतं आणि त्यात ग्लुकोज साडेतेराच ग्रॅम, म्हणजे ते मिठासाठी आहे, ताकदीसाठी नाही. २०० मिलीची छोटी पाकिटंही मिळतात. ती लिटरभर पाण्यात टाकली तर मीठ पाचपट पातळ होतं. पाकिटावरचं प्रमाण वाचूनच मिसळा.

सुरुवातीला आणि शेवटी वजन करा. दोन-तीन टक्के घटलं तर काळजी नाही. वाढलं असेल तर साधं पाणी गरजेपेक्षा जास्त प्यायलात. त्यात रक्तातलं सोडियम उतरतं. डोकं दुखणं, उलटी, गोंधळल्यासारखं होणं ही लक्षणं दिसली तर आणखी पाणी न पिता लगेच डॉक्टर गाठा.

शर्यत नीट पळलात का, हे घड्याळावरून ठरवू नका. रविवारी पळून गुरुवारी-शुक्रवारी अर्धा तास हलकं पळता आलं, जिना उतरताना कठडा धरावा लागला नाही, तर ती सरावाची झाली. आठवडाभर लंगडत असाल तर ती शर्यत झाली. मग पुढचे दोन आठवडे लांब पळ नको.

प्रश्न : आमचा परभणीचा भाग सपाट. उताराचा सराव कुठे करायचा? आणि मातीच्या वाटेला कोणते बूट चांगले?
— एक वाचक, परभणी

उत्तर : जायकवाडीच्या डाव्या कालव्याच्या भरावावर लांब पळ छान होते, पण उतार मिळत नाही. आणि मांड्या मोडतात त्या उतारावरच. उतरताना मांडीचा पुढचा स्नायू ताणला जात असतानाच शरीराचा भार पेलतो, त्यामुळे त्याच्या तंतूंना बारीक इजा होते आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दुखणं सर्वांत जास्त असतं. चांगली गोष्ट ही की एकदा सावरलेला स्नायू पुढचे काही आठवडे तशाच उताराला कमी दुखतो. म्हणून दहा-बारा दिवसांतून एकदा घाट गाठा. छत्रपती संभाजीनगरकडे जाणं होत असेल तर खुलताबादहून म्हैसमाळ सुमारे १२ किलोमीटर आहे. बालाघाटात मांजरसुंबा-कपिलधारचा परिसर आहे. गौताळ्यासारख्या अभयारण्यात मात्र वन विभागाच्या परवानगीशिवाय शिरू नका. अधल्यामधल्या आठवड्यात घरी २०-२५ सेंटिमीटरच्या पायरीवरून एका पायाने सावकाश उतरा, प्रत्येक पायाने बारा वेळा, तीन फेऱ्या.

बुटांचं आधी मातीवर ठरतं. काळ्या रानात वापसा येईपर्यंत पळूच नये. चिखल तळाला थरावर थर चिकटतो, बूट जड होतो, पाय उचलून उचलून जांघ भरून येते. तळाच्या गुट्ट्या (पकडीसाठीचे उंचवटे) पाच-सहा मिलिमीटर खोल आणि एकमेकींपासून लांब असल्या तर चिखल गळून पडतो. दाट असल्या तर रुतून बसतो. पावसाळ्यात मुरमाड वाट धरा. काढणीनंतर शेतातून जाताना तुरीच्या आणि पळाटीच्या धसकटांना जपा, मऊ तळ ती सरळ भेदतात. दिवाळीनंतर कुसळांचा त्रास : जाळीदार बुटातून कुसळ मोज्यात शिरतं आणि त्याच्या उलट्या केसांमुळे आतच सरकत जातं. बाहेरून ओढलं तर टोक मोडून आत राहतं. मोजा उलटा करून टोकाच्या दिशेने ओढा. घोट्यावर पातळ कापडाचे गेटर घातले तर बरीच कुसळं आणि खडे बाहेरच राहतात. बूट नेहमीपेक्षा अर्धा नंबर मोठा घ्या. पाय सुजतात, आणि उतारावर बोटं पुढे आदळून नखं काळी पडतात.

प्रश्न : शर्यतीत गुडघा दुखला तर पेनकिलर घेतली तर चालते का?
— एक वाचक, लातूर

उत्तर : नको. आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅकसारख्या गोळ्यांनी मूत्रपिंडाकडे जाणारं रक्त कमी होतं. घामाने पाणी कमी झालेल्या शरीरात हा धोका आणखी वाढतो. वेग कमी करूनही दुखणं वाढतच असेल, पाऊल वाकडं पडू लागलं असेल, तर पुढच्या पाणी केंद्रावर थांबा आणि नंबर परत द्या.