रक्ताच्या रिपोर्टवरून आजार कधीचा ते ठरत नाही

प्रश्न: आईच्या (वय 61) हृदयातली महाधमनीची झडप अरुंद झाल्याचं यंदा कळलं आणि धंतोलीतल्या रुग्णालयात ती बदलली. ऑगस्ट 2024 मध्ये काढलेल्या आरोग्य विम्याचा क्लेम कंपनीने नाकारला. कारण दिलंय की रक्तातलं गॅलेक्टिन-3 हे प्रथिन वाढलेलं आहे, एमआरआयमध्ये हृदयाच्या स्नायूत व्रण दिसतात, म्हणजे आजार पॉलिसीआधीचा होता आणि तो लपवला. एक गोष्ट मात्र खरी आहे. 2022 मध्ये वस्तीतल्या शिबिरात डॉक्टर म्हणाले होते, 'हृदयात आवाज येतो, इको करून घ्या.' इको म्हणजे हृदयाची सोनोग्राफी. आईने ती केली नाही. कागदही नाही. हे सांगावं का? – एक वाचक भगिनी, मानेवाडा, नागपूर

उत्तर: ताई, रक्ताच्या रिपोर्टला घाबरू नका. झडप अरुंद झाली की डाव्या कप्प्याला जास्त जोर लावावा लागतो, स्नायू जाड होतो आणि त्यात तंतू साठत जातात; एमआरआयमधले व्रण म्हणजे हेच. गॅलेक्टिन-3 सारख्या चाचण्या त्याचा आजचा अंदाज देतात, सुरुवातीची तारीख नाही. मूत्रपिंडाच्या आजारातही गॅलेक्टिन-3 वाढतं. आईचं क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारी रक्तचाचणी) किती होतं, ते आधी बघा.

झडप वर्षभरात अरुंद होत नाही, हे कंपनीचे डॉक्टर सांगतील आणि ते बरोबरच आहे. पण आजार शरीरात कधीपासून होता, एवढ्यावर हा प्रश्न सुटत नाही. विमा नियामकाच्या 2024 च्या व्याख्येनुसार पॉलिसी सुरू होण्याआधीच्या 36 महिन्यांत डॉक्टरने निदान केलेला, किंवा ज्यासाठी वैद्यकीय सल्ला वा उपचार सुचवला गेला असा आजारच 'आधीचा' ठरतो. जो आजार आईलाच ठाऊक नव्हता, तो लपवला असं म्हणता येत नाही आणि लपवल्याचं सिद्ध करणं कंपनीचं काम आहे.

खरी अडचण शिबिराची आहे. 2022 हे त्या 36 महिन्यांत येतं आणि 'इको करा' हा सल्लाच, असं कंपनी म्हणेल. आपलं म्हणणं असं, की छातीतला आवाज म्हणजे निदान नव्हे. असे कित्येक आवाज निरुपद्रवी निघतात आणि आजाराचं नाव कोणी घेतलं नव्हतं. हा मुद्दा लढवण्याजोगा आहे, जिंकलेला नाही. तरीही शिबिरातला सल्ला लपवू नका. शपथपत्रावर खोटं लिहिलंत आणि उलटतपासणीत ते उघड झालं, तर आईची बाकीची चांगली बाजूही बुडेल. तुमच्या वकिलांना पहिल्याच दिवशी सगळं सांगा.

प्रपोजल फॉर्मची, म्हणजे पॉलिसी काढताना भरलेल्या अर्जाची प्रत कंपनीकडून लेखी मागवा. नेमका प्रश्न काय होता? 'हृदयविकार आहे का' आणि 'कधी तपासणी सुचवली होती का' यांत फार फरक आहे. फॉर्म एजंटने भरला असेल तर तेही नोंदवा. रुग्णालयाचे केसपेपर काढा, कारण भरती करताना 'दोन वर्षांपासून दम लागतो' असं कोणी लिहून ठेवलं असेल तर कंपनी तेच पुढे करेल. शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांकडून पहिल्या निदानाची तारीख आणि या चाचणीवरून आजाराची सुरुवात ठरत नाही, असं लेखी मत घ्या.

मग कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे अर्ज करा. महिन्याभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपालाकडे जा. तिथे फी नाही, 50 लाखांपर्यंतची भरपाई मिळू शकते आणि निर्णय कंपनीवर बंधनकारक असतो, तुमच्यावर नाही. ग्राहक आयोगात आधी केस टाकलीत तर लोकपाल तुमचं ऐकणार नाहीत, म्हणून हा क्रम मोडू नका. लोकपालाकडे एक वर्षाची मुदत आहे. नागपूरच्या जिल्हा ग्राहक आयोगाची दोन वर्षं क्लेम नाकारल्यापासून मोजली जातात, म्हणून नकाराच्या पत्राचं पाकीटही जपून ठेवा.