वाचकांचे प्रश्न : मुलांच्या हातातला मोबाइल

या वेळी आलेली बहुतेक पत्रं शाळकरी मुलांच्या मोबाइलबद्दलची आहेत. पत्रलेखकांची नावं छापलेली नाहीत.

माझा मुलगा सातवीत आहे आणि माझ्याच फोनवर गेम खेळतो. बँकेच्या खात्यातून दर आठवड्याला १५९ रुपये जाताना दिसतात. यूपीआयचा पिन त्याला ठाऊक नाही, ओटीपीही येत नाही. मग पैसे जातात कसे? – एक पालक, बार्शी

दर आठवड्याला एकच रक्कम जाते, यावरून हे ऑटोपे असावं. गेममधली ‘साप्ताहिक मेंबरशिप’ सुरू करताना पिन एकदाच लागतो. ‘बाबा, एवढंच एकदा टाका ना’ म्हणून मुलाने फोन पुढे केला आणि घाईत तुम्ही पिन टाकला, असं झालं असण्याची शक्यता आहे. त्यानंतरचे हप्ते पिन न विचारता कापले जातात. हप्ता कापण्यापूर्वी सूचना येते, पण ती इतर मेसेजच्या गर्दीत हरवते.

यूपीआय अॅपमध्ये प्रोफाइल उघडा, ‘ऑटोपे’ किंवा ‘मॅन्डेट’ असा पर्याय दिसेल. तिथे चालू असलेली प्रत्येक परवानगी पाहा आणि नको ती रद्द करा. मग प्ले स्टोअरमध्ये उजव्या कोपऱ्यातल्या फोटोवर टिचकी मारून ‘पेमेंट्स अँड सबस्क्रिप्शन्स’मधूनही तीच मेंबरशिप बंद करा. गेम फोनमधून काढून टाकला की पैसे थांबतील असं अनेकांना वाटतं. तसं होत नाही. गेम जातो, मेंबरशिप चालूच राहते.

एक गोष्ट आणखी तपासा. यूपीआय लाइट (छोट्या खर्चासाठी अॅपमध्येच वेगळे ठेवलेले पैसे) चालू असेल तर त्यातून एका वेळी १,००० रुपयांपर्यंत पैसे पिनशिवाय जातात. हे छोटे व्यवहार बँकेच्या पासबुकात दिसत नाहीत. तिथे फक्त लाइटमध्ये भरलेली रक्कम दिसते, म्हणून हिशेब लागत नाही. ‘ऑटो टॉप-अप’ चालू असेल तर लाइट रिकामं झालं की बँकेतून पुन्हा भरलं जातं. मुलांच्या हाती जाणाऱ्या फोनमध्ये लाइट बंदच ठेवा. बंद केल्यावर उरलेली शिल्लक खात्यात परत येते.

ताज्या खरेदीचे पैसे परत हवे असतील तर प्ले स्टोअरमधूनच ४८ तासांच्या आत विनंती करा. उशीर झाला असेल तर गेम बनवणाऱ्या कंपनीला लिहावं लागतं. ‘रिफंड कस्टमर केअर’ असं इंटरनेटवर शोधून मिळालेल्या नंबरवर मात्र चुकूनही फोन करू नका. तिथे फसवणाऱ्यांनीच आपले नंबर पेरून ठेवलेले असतात. १५९ परत मिळवायला गेलेल्यांचं सगळं खातं रिकामं होतं ते इथेच.

इन्स्टावर ओळख झालेल्या एका मुलाला मी माझा एक फोटो पाठवला. तो पाठवायला नको होता. आता तो आणखी फोटो मागतोय, नाहीतर वर्गातल्या सगळ्यांना पाठवीन म्हणतो. घरी कळलं तर माझा फोन आणि कदाचित शाळाही बंद होईल. काय करू? – इयत्ता नववी, रत्नागिरी जिल्हा

आधी हे ऐक : गुन्हा त्याने केला आहे, तू नाही. तुझं वय १८च्या आत आहे, त्यामुळे मुलांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणारा पॉक्सो कायदा, २०१२ तुझ्या बाजूने उभा आहे. समोरचा खरंच ‘मुलगा’ आहे की मोठा माणूस, हेही तुला माहीत नाही, आणि असे लोक एकट्या मुलीलाच धमकावतात असं नाही. मुलग्यांनाही याच पद्धतीने अडकवतात, बहुतेक वेळा पैशांसाठी.

त्याला आणखी काहीही पाठवू नकोस, फोटो नाही आणि पैसेही नाहीत. एकदा दिलं की मागणी संपत नाही, वाढते. त्याच्याशी भांडूही नकोस, विनवण्याही करू नकोस. उत्तर देणं थांबव. पण घाबरून आपलं खातं किंवा चॅट डिलीट करू नकोस, कारण पुरावा त्यातच आहे.

आता क्रम महत्त्वाचा आहे. धमकीच्या मेसेजचे स्क्रीनशॉट घे, त्यात तारीख आणि त्याचं नाव दिसू दे. मग त्याच्या प्रोफाइलवर जाऊन वरच्या तीन टिंबांमधून प्रोफाइलची लिंक कॉपी करून जपून ठेव. नुसता स्क्रीनशॉट अपुरा पडू शकतो, म्हणून लिंकही हवी. त्यानंतर खात्याची तक्रार कर आणि शेवटी ब्लॉक कर. उलट्या क्रमाने केलंस तर पुरावा गोळा करणं अवघड होतं. तो फोटो ‘पुरावा’ म्हणून मैत्रिणीला किंवा नातेवाइकाला पाठवू नकोस. अल्पवयीन मुलीचा असा फोटो पुढे पाठवणं हाच माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६७(ब)खाली गुन्हा आहे, आणि वर्गातल्या कुणी तो पुढे ढकलला तर त्यालाही हेच लागू होतं.

‘टेक इट डाउन’ ही मोफत सेवा अशाच मुलांसाठी आहे. तिच्या वेबसाइटवर तू फोटो निवडलास की त्याचा डिजिटल ठसा तयार होतो. फोटो तुझ्या फोनमधून बाहेर जात नाही, नुसता ठसा जातो, आणि सहभागी झालेल्या कंपन्या तो ठसा जुळणारे फोटो शोधून काढतात. नाव द्यावं लागत नाही. खासगी, एन्क्रिप्टेड (बाहेरच्या कुणाला वाचता न येणाऱ्या) चॅटमध्ये मात्र ही सेवा पोचत नाही.

तक्रारीसाठी cybercrime.gov.in या सरकारी पोर्टलवर स्त्रिया आणि मुलांविषयीच्या गुन्ह्यांचा वेगळा विभाग आहे, तिथे नाव न देताही तक्रार करता येते. बोलायला कुणी हवं असेल तर १०९८ हा मुलांसाठीचा मोफत नंबर आहे. पोलिसांत जावं लागलं तर कायदा सांगतो, की जबाब तुझ्या घरी किंवा तुला सोयीच्या जागी घ्यायचा, शक्यतो महिला उपनिरीक्षकांनी, गणवेश न घालता, आणि तुझा विश्वास असलेल्या माणसाच्या समोर. तुझं नाव छापता येत नाही.

आईला, मावशीला किंवा एखाद्या बाईंना आजच सांग. बोलता येत नसेल तर हे पान त्यांच्या हातात दे. आणि हे वाचणाऱ्या आईबाबांना आमचं कळकळीचं सांगणं आहे : मुलीने तोंड उघडलं की पहिल्याच वाक्यात फोन काढून घेऊ नका. धमकावणाऱ्याचं सगळं बळ ‘घरी कळलं तर’ या भीतीवर उभं असतं. सांगितल्याची शिक्षा झाली तर पुढच्या वेळी ती तुम्हाला सांगणार नाही, आणि तेव्हा तो एकटाच तिच्याशी बोलत असेल.

शाळेच्या व्हॉट्सअॅप ग्रुपमध्ये कुणीतरी अनोळखी माणूस शिरला आणि त्याने मुलींना थेट मेसेज केले. ग्रुप बंद करू का? – एक शिक्षिका, कणकवली

बंद करण्याआधी दार कुठून उघडं राहिलं ते पाहा. बहुधा ग्रुपची लिंक कुणीतरी पुढे पाठवलेली असते. ग्रुपच्या माहितीत जाऊन लिंक रीसेट करा, म्हणजे जुनी निकामी होते. मग परवानग्यांमध्ये ‘नवीन सदस्यांना मंजुरी’ चालू करा आणि मेसेज पाठवण्याचा अधिकार फक्त अॅडमिनना ठेवा. तो नंबर काढण्यापूर्वी लिहून घ्या. मुलींना आलेले मेसेज डिलीट करू देऊ नका.

मुळात साध्या ग्रुपमध्ये प्रत्येकाचा नंबर सगळ्यांना दिसतो. त्यामुळे सूचनांसाठी ‘कम्युनिटी’चा घोषणा विभाग वापरलेला बरा, तिथे सदस्यांचे नंबर एकमेकांपासून झाकलेले राहतात. व्हॉट्सअॅपसाठी किमान वय १३ आहे, म्हणून सहावीच्या ग्रुपमध्ये पालकांचेच नंबर हवेत. स्नेहसंमेलनाचे फोटो टाकताना छातीवरचं ओळखपत्र, नाव आणि तुकडी दिसते का तेही बघा.

नातवाच्या मित्राच्या नंबरवरून ‘चुकून तुझ्याकडे सहा आकडी कोड आलाय, पाठव’ असा मेसेज आला आणि त्याने पाठवला. आता त्याचं व्हॉट्सअॅपच बंद पडलं. – आजोबा, डोंबिवली

तो कोड म्हणजे नातवाच्या व्हॉट्सअॅपची किल्ली होती. मित्राचं खातं आधीच चोराच्या हाती गेलेलं असणार. नातवाच्या फोनवर व्हॉट्सअॅप पुन्हा उघडा आणि त्याच नंबरने नोंदणी करा. एसएमएसचा नवा कोड टाकला की चोर आपोआप बाहेर पडतो. चोराने त्यात स्वतःचा पिन लावून ठेवला असेल तर तुम्हाला ७ दिवस थांबावं लागतं, पण त्या काळात त्यालाही खातं वापरता येत नाही. खातं परत आल्यावर ‘लिंक्ड डिव्हाइसेस’मध्ये अनोळखी यंत्र दिसलं तर काढा, आणि सेटिंग्ज, अकाउंट, टू-स्टेप व्हेरिफिकेशन या वाटेने स्वतःचा सहा आकडी पिन लावा. जन्मतारीख ठेवू नका. नातवाच्या नावाने आलेल्या मेसेजला भुलून कुणी पैसे पाठवले असतील तर त्यांना सायबर फसवणुकीच्या तक्रारीसाठी असलेल्या १९३० या नंबरवर लगेच फोन करायला सांगा. पहिल्या काही तासांत तक्रार झाली तर रक्कम पुढच्या खात्यात जाण्याआधी गोठवता येण्याची शक्यता जास्त असते. व्यवहाराचा क्रमांक, वेळ आणि बँकेचं नाव हाताशी ठेवूनच फोन लावा.

फॅमिली लिंकमध्ये (मुलांच्या फोनवर मर्यादा घालायचं गूगलचं अॅप) दोन तासांची मर्यादा लावली, तरी मुलगी रात्री व्हिडिओ बघते. – पालक, नाशिक

फोनवर दुसरं खातं किंवा ‘गेस्ट’ वापरकर्ता चालू आहे का ते पाहा. तुमच्या गूगल खात्याचा पासवर्ड तिला माहीत असेल तर मर्यादा ती स्वतःच वाढवत असेल, म्हणून तो बदला. घरातला जुना फोन किंवा टीव्हीसुद्धा विसरू नका. रात्रीसाठी ‘डाउनटाइम’ वेगळा लावावा लागतो. दिवसाची मर्यादा आणि झोपेची वेळ या दोन वेगळ्या सेटिंग आहेत. आणि सगळ्यांचे फोन, तुमचेसुद्धा, रात्री दहाला बाहेरच्या खोलीत चार्जिंगला लावा. उशीखाली चार्ज होणारा फोन तापतो, ते वेगळंच.