शेवटचा घोट किती तासांपूर्वी?

तुमचा प्रश्न असा: मालवणजवळ जुलैत, कमी बजेटमध्ये, दारूपायी संपत चाललेल्या मच्छीमाराचा चित्रपट करताय. पिण्याची आणि दारू तुटल्यानंतरची दृश्यं खोटी वाटू नयेत म्हणून काय तयारी करावी?

सगळ्यात आधी कंटिन्युटीच्या तक्त्यात (कुठल्या सीनमध्ये काय, कसं होतं याची नोंद) एक रकाना वाढवा: ‘शेवटचा घोट किती तासांपूर्वी?’ शूटिंग कुठल्याही क्रमाने होतं, पण रोज पिणाऱ्याचं शरीर घड्याळावर चालतं. घोट थांबल्यावर साधारण ६ ते १२ तासांत हात थरथरतात, घाम सुटतो, मळमळतं. फीट येण्याचा धोका पहिल्या ४८ तासांत जास्त. ताप, अंगावर किडे चालल्याचा भास, आपण कुठे आहोत हेच न कळणं, हा सगळा प्रकार बहुधा दुसऱ्या ते चौथ्या दिवशी. सकाळी सीन ४१ आणि दुपारी सीन १२ असेल तर या आकड्याशिवाय नटाला काय करायचं ते कळणारच नाही.

थरथर बहुतेक ठिकाणी चुकते ती मोठी केल्यामुळे. ती बारीक आणि जलद असते. हात मांडीवर असताना फारशी दिसत नाही, हात पुढे केला की दिसते. म्हणून ओतण्याचा शॉट जवळून घ्या. बाटलीचं तोंड स्टीलच्या पेल्याच्या काठावर टेकवूनच ओतायला सांगा. हात हलत असताना सांडू नये म्हणून माणूस हेच करतो, आणि काच स्टीलवर वाजते. तो आवाज वेगळा रेकॉर्ड करून ठेवा, पार्श्वसंगीताची गरज उरणार नाही. पहिला घोट घेताना पेला वर जात नाही, तोंड खाली येतं. थोड्या वेळाने तेच हात स्थिर होतात आणि तो पडवीत जाळं सांधायला बसतो. माझ्या मते तुमच्या चित्रपटातलं सगळ्यात भयंकर दृश्य हेच आहे, कारण दारू इथे औषधासारखी लागू पडताना दिसते.

झोकांड्या जवळजवळ काढूनच टाका. वर्षानुवर्षं पिणाऱ्याचं शरीर सरावलेलं असतं. तो नीट चालण्याची काळजी घेतो, दार जरा जास्तच हळू लावतो.

शेवटच्या भागात यकृत गेलेलं दाखवायचं असेल तर नुसता पिवळा मेकअप हळद लागल्यासारखा दिसतो. कावीळ आधी डोळ्यांच्या पांढऱ्या भागात दिसते. ती ग्रेडिंगमध्ये, म्हणजे शूटिंगनंतर रंग जुळवताना, फक्त डोळ्यांपुरती मास्क करून आणा. लेन्स वापरायच्याच असतील तर नेत्रतज्ज्ञाकडून बसवून घ्या. पोट फुगलेलं पण दंड आणि कानशिलं बसलेली हवीत, त्यामुळे मूळचा सडपातळ नट घ्या. पोटाचे पॅड दोन करा. उभं असताना पाणी झालेलं पोट पुढे येतं, उताणं झोपल्यावर ते दोन्ही कुशींकडे पसरतं. फोमचं एकच पॅड झोपल्यावर टेकडीसारखं उभं राहतं आणि सीन तिथेच फसतो. घामासाठी ग्लिसरीन आणि पाणी निम्मंनिम्मं. पण जुलैच्या दमट हवेत नटाला खरा घामही येईल आणि तेलकट मेकअप ओघळेल, तेव्हा टचअपचा वेळ धरूनच दिवस आखा.

बाटल्यांबद्दल थोडक्यात. गावठी आणि फेणीसाठी पाणी चालतं. रमसाठी कोरा चहा ठेवून दिला की गढूळ होतो, त्यापेक्षा जाळलेल्या साखरेचं पाणी बरं. हुर्राक (काजूच्या बोंडांची पहिल्या धारेची दारू) जुलैत दाखवू नका, तो काजूच्या हंगामातला, उन्हाळ्यातला. बिडी दाखवलीत तर त्या शॉटवर तंबाखूचा इशारा पूर्ण वेळ येणार हे गृहीत धरून फ्रेम लावा.

आता दुसरं घड्याळ, भरतीचं. भरतीपासून सुकतीपर्यंत, म्हणजे ओहोटीपर्यंत, सहा तासांच्या थोडं वर जातात आणि रोजची भरती सुमारे ५० मिनिटं उशिरा येते. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला आज जिथे कॅमेरा लावलात ती वाळू पाण्याखाली असू शकते. एकच सीन दोन दिवसांत तोडलात तर पाण्याची रेघही बदलते आणि लाटांचा आवाजही. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते, होड्या झापांखाली शाकारलेल्या असतात. हातात काम नाही, पैसा नाही, दिवस संपत नाही, ही तुमच्या कथेची खरी जमीन आहे. मात्र जुलैत यांत्रिक होडी मासेमारीसाठी समुद्रात दाखवलीत तर किनाऱ्यावरचा प्रेक्षक तिथेच तुटेल.

पावसातलं कोकण फार देखणं दिसतं, हा मोठा धोका. हिरवा रंग ग्रेडिंगमध्ये मारून उदासी येत नाही. कॅमेरा माजघरात ठेवा, ओल धरलेल्या चिऱ्याच्या भिंतीजवळ, आणि बाहेरचं हिरवं फक्त दाराच्या फटीतून येऊ द्या. पत्र्याखाली संवाद रेकॉर्ड होणार नाहीत, कौलारू घर शोधा. भाषेचंही तसंच. नाटकांमुळे मालवणी ऐकली की हसायची प्रेक्षकाला सवय आहे. शिव्या आणि हेल कमी करा, वाक्यं अर्धी सोडा.

पटकथेत बायको-भाऊ त्याला खोलीत कोंडून दारू सोडवतात असं असेल तर कळकळीने सांगतो, तो सीन बदला. अचानक तोडल्याने अशा माणसाचा जीव जाऊ शकतो आणि कुणीतरी घरी जाऊन तसंच करेल. त्याला ग्रामीण रुग्णालयात न्या, सलाईन आणि बी-१ जीवनसत्त्वाचं इंजेक्शन दाखवा.

गर्दीसाठी गावातली माणसं घ्याल, त्यांत कोणी रोज पिणारा असू शकतो. सेटवर दारूबंदी असणारच, आणि दुपारपर्यंत त्याचे हात खरोखर थरथरतील. त्याचा क्लोजअप घेऊ नका. त्याला सावलीत बसवा, सोबत कोणीतरी द्या आणि डॉक्टरकडे न्यायला गाडी तयार ठेवा. व्यसनमुक्तीसाठी सरकारची हेल्पलाइन १४४४६ आहे, तो नंबर कॉलशीटवर (शूटिंगच्या रोजच्या वेळापत्रकावर) छापा.