चवदार तळ्यावरचं प्रदर्शन: येणाऱ्यांना अस्पृश्यतेचा 'अनुभव' द्यावा का?

तुम्ही विचारलंय की तालुक्याच्या सभागृहात चवदार तळ्याच्या सत्याग्रहावर प्रदर्शन करायचंय, तर अस्पृश्यता लोकांना अंगावर जाणवावी म्हणून दारातच दोन रांगा कराव्यात का. मी बरीच वर्षं प्रदर्शनांची मांडणी करते. माझं म्हणणं, करू नका.

जोहान्सबर्गच्या अपार्थाइड म्युझियममध्ये तिकिटावरच 'गोरे' किंवा 'गोरेतर' असं येतं आणि त्यावरून तुमचं दार ठरतं. तिथला वर्णभेद सरकारी कागदांवर, पाट्यांवर चालायचा, म्हणून ते तिकीट खरं वाटतं. आपल्याकडचा भेद घराच्या वळचणीला होता. अस्पृश्यांना चहा द्यायचा कप तिथे वेगळा ठेवलेला असायचा. आम्ही एकदा तसा वळचणीत खोचलेला, कान तुटलेला कप मांडला होता, खाली 'उचलून बघा' असं लिहून. कॉलेजची मुलं तो हातात धरून फोटो काढत होती. एक आजी आल्या, कपाकडे पाहिलं, पदर सावरला आणि पुढचं काहीही न बघता माघारी गेल्या. त्याच संध्याकाळी मी तो कोपरा काढून टाकला.

अपमानाच्या जागी उभं करण्यापेक्षा माणसाला निर्णयाच्या जागी उभं करा. अमेरिकेत अटलांटाच्या नागरी हक्क केंद्रात उपाहारगृहाच्या काउंटरपुढे बसून दोन्ही तळवे टेकवायचे, हेडफोन लावायचे. कानात धमक्या सुरू होतात. १९६० साली जे कृष्णवर्णीय विद्यार्थी फक्त गोऱ्यांसाठीच्या काउंटरांवर असे ठाण मांडून बसले, ते उठायचं नाही असं ठरवूनच आले होते. आपणही तेवढा वेळ ते ठरवून बसतो.

महाडच्या गोष्टीत तर पावलोपावली कुणीतरी काहीतरी ठरवतंय. ४ ऑगस्ट १९२३ ला सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करावेत हा सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळात मंजूर झाला. १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने तळं सर्वांना खुलं केलं, कागदावर. प्रत्यक्ष पाणी प्यायला २० मार्च १९२७ उजाडला. जमिनीवर महिन्याला एक पाऊल असं आखा. ४३ पावलं होतात. एका टोकाला भिंतीवर ठराव, दुसऱ्या टोकाला पाण्याने भरलेला रांजण, मधली भिंत कोरी. लोक आपसूक मोजायला लागतात.

रांजणापाशी मात्र थांबू नका. नंतर १०८ घागरी शेण, गोमूत्र, दूध, दही ओतून तळं 'शुद्ध' केलं गेलं. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये भरलेल्या सत्याग्रह परिषदेला महाडात कुणी जागा देईना, ती फत्तेखान या मुस्लिम गृहस्थांनी दिली. हे ठळक लिहा. तळं अस्पृश्यांना खुलं की नाही, या खटल्याचा हायकोर्टाचा निकाल त्यांच्या बाजूने लागला मार्च १९३७ मध्ये, म्हणजे आणखी १२० पावलं. ती सभागृहात मावणार नाहीत. मावू देऊही नका, रेघ दारातून बाहेर अंगणात जाऊ द्या, उन्हात. बाहेर चुन्यानेच ओढा. लोकांच्या पायांनी ती दुपारपर्यंत पुसट होते, तेव्हा पुन्हा ओढायला एक जण कायम नेमून ठेवा.