जुन्या गेमच्या धर्तीवर कार्टून करू पाहणाऱ्यास

तुमचे पहिले कार्टून अर्ध्या मिनिटापेक्षा लांब नसावे. सेकंदाला बारा चित्रे धरली तरी तेवढ्यासाठी 360 चौकटी लागतात. जुन्या निन्टेन्डो (एनईएस) गेमयंत्राचे चित्र 256 बाय 240 पिक्सेलचे असे आणि एका स्प्राइटला (पडद्यावर हलणाऱ्या छोट्या चित्राला) पारदर्शक भाग सोडून तीनच रंग मिळत. ही बंधने स्वतःहून पाळल्यास त्या काळाचा बाज बराचसा साधतो. 1981 च्या ‘डाँकी काँग’ या गेममध्ये त्याचा नायक मारिओला मिशी आणि टोपी मिळाली, ती इतक्या थोड्या पिक्सेलांत तोंड आणि केस नीट दाखवता येत नव्हते म्हणून. तुमचे पात्रही नुसत्या आकृतीवरून ओळखू यावे, मात्र ते मारिओची नक्कल नसावे. जळगाव जिल्ह्यातल्या रावेर-यावलच्या केळीबागेत घडांवरून उड्या मारणारा, लेवा बोलीत कुरकुरणारा गडी मला अधिक आवडेल (खानदेशातली अहिराणी बोलीच हवी असेल, तर त्याला धुळ्याकडे न्या). सुरुवातीला क्रिता हे मोफत सॉफ्टवेअर पुरेसे आहे. चित्र मोठे करताना चौपट, पाचपट असे पूर्ण पटीतच करावे आणि ‘निअरेस्ट नेबर’ पर्याय निवडावा, अन्यथा कडा धूसर होतात. संवाद मात्र आधी ध्वनिमुद्रित करावेत आणि ओठांची हालचाल त्यांवर बेतावी.